सात वर्षं बंद असलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. नवी बॅटरी टाकून सेल्फ मारला तर चालेल का?

नका मारू. निदान आज तरी नको.

मी हेच केलं होतं. माझी पद्मिनी एका वाड्याच्या पडवीत पाच-सहा वर्षं पडून होती. आणली त्याच संध्याकाळी बॅटरी जोडली, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं आणि चौथ्या-पाचव्या सेल्फला ती चक्क सुरू झाली. शेजारीपाजारी जमले, मला चेव आला, एक चक्कर मारायला निघालो. उताराला ब्रेक दाबला तर पेडल थेट पत्र्याला टेकलं, हँडब्रेकची केबल आधीच गंजून बसलेली. कोपऱ्यावर कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, त्यांच्या वाळूच्या ढिगात गाडी रुतली म्हणून निभावलं. त्यामुळे माझा क्रम लोकांपेक्षा उलटा आहे: आधी ब्रेक, इंजिन नंतर.

या गाडीला चारही चाकांना ड्रमब्रेक. ड्रम सहजी निघत नाही. ब्रेकचे लाइनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) आत करून घ्या आणि लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत फिरा, लोखंडी हातोडीने ड्रम तडकतो. ड्रम निघाला की व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लाइनर ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याचं) रबरी बूट बोटाने उचलून बघा. माझ्या मागच्या डाव्या चाकात तपकिरी चिखल होता आणि पिस्टन जागच्या जागी गंजलेला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी असं आतून खातं. सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर नुसतं रबरांचं किट टाकून पैसे वाचवू नका, सिलिंडरच बदला. मास्टर सिलिंडरचंही (पेडल दाबल्यावर चारही चाकांकडे ऑइल ढकलतो तो) तेच. रबरी होज पाइप बाहेरून चांगले दिसले तरी बदलाच. जुना होज आतून फुगतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टरपासून सर्वात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. आणि ब्रेकच्या टाकीत ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल ‘तात्पुरतं’ ओतणारे मेस्तरी मी पाहिलेत, त्याने आतली सगळी रबरं फुगून वाया जातात.

इंजिन जाम नसेल तर नशीब. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चहाचा चमचाभर ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी चौथा गिअर टाकून गाडी हाताने मागेपुढे हलवा. पंख्याचा पट्टा फिरला की अर्धं काम झालं. नाहीच हलली तर जोर करू नका, आणखी ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांवर नंबर टाका. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, चुकला की इंजिन नुसतं फुरफुरतं. जुनं ऑइल सोडून २०डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५० घाला. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का हेही बॅटरी जोडण्याआधी बघा.

टाकीतलं जुनं पेट्रोल इंजिनाकडे जाऊच देऊ नका. माझ्या कार्बोरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाला काकवीसारखा थर होता, वास वॉर्निशचा. जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनर मारून हवा द्या. टाकी उतरवून धुवा. पेट्रोल पंपाचं डायफ्राम आणि सगळे रबरी पाइप नवे टाका, कारण हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही, शिवाय ते टाकीतला जुना चिकटा सोडवून थेट जेटमध्ये आणून बसवतं.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क. बारीक पॉलिशपेपरने घासा, फीलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावा, कंडेन्सर नवाच घ्या. प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघा, पण पेट्रोलचा वास येत असेल तर मुळीच नको. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी म्हणजे अजून काम आहे.

रेडिएटर उलट्या बाजूने पाणी सोडून धुवा आणि होज बदला. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, गाडी एकदा फार तापली की वाकतं. टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही चांगली दिसो, दहा वर्षांपुढचे टायर काढून टाका.

सुट्या भागांची फार धास्ती नको. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्यात बनू लागलेलीच ही गाडी, इंजिन तेच १०८९ सीसीचं, त्यामुळे पुष्कळ भाग एकमेकांत बसतात. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण तिच्यावर आयुष्य काढलेले मेस्तरी अजून आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. जुना भाग सोबत घेऊन जा, तोंडी वर्णनावर आणलेला हमखास चुकतो.

कागदांचं थोडक्यात: फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलून घ्या आणि नोंदणीचं नूतनीकरण कधी संपलंय ते आत्ताच बघा. व्हिंटेजची सवलत ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, तुमच्या गाडीला अजून अवकाश आहे.

सुरू झाली की सायलेन्सरमागे उभं राहा. सुरुवातीला पांढरा-निळसर धूर येणारच, सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑइल जळतं आणि सायलेन्सरमधलं पाणी उडतं. गाडी तापल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलंय. निळाच येत राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. काळा असेल तर चोक अडकलाय, तो तुम्हीच पाच मिनिटांत सोडवाल.