लॅब्रॅडॉर की मांजर? ठेव मोडण्याआधी हे वाचा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ६४, नाशिकला तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात एकट्या. यजमान गेल्यापासून घर खायला उठतं, बीपीची गोळी चालू आहे, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टर रोज चालायला सांगतात. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, "आई, मी तीस हजारांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू देतो, तू सिनियर सिटिझन्स ठेवीतले तीन लाख त्याच्या खर्चाला बाजूला काढ." तुमचा ओढा मात्र मांजराकडे आहे. परवडेल का आणि तब्येतीला खरंच फायदा होतो का, हे तुम्ही विचारलंय.

आधी ठेवीचं. सरकारच्या सिनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममधली ही ठेव थोडी थोडी मोडता येत नाही. पंधरा लाखांचं खातं एकच असेल तर तीन लाखांसाठी ते सगळं बंद करावं लागेल. तुम्हाला दीड वर्ष झालंय, म्हणजे दीड टक्का कापून जाणार: २२,५०० रुपये. एवढ्यात मांजराचं वर्षभराचं खाणं आणि लिटर (शी-शूसाठीची वाळू) येतं. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ३०,७५० रुपये थांबतील आणि पुन्हा ठेवताना त्या वेळचा दर मिळेल, तो कमी असू शकतो. ठेवीला हात लावू नका. प्राण्याचा खर्च महिन्याच्या उत्पन्नातून भागत असेल तरच तो घरात आणायचा.

आता तब्येत. १९८० मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. तेव्हापासून हा विषय गाजतोय. २०१७ च्या स्वीडनच्या अभ्यासात ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. एकट्या राहणाऱ्यांमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी दिसलं. मांजराच्या बाबतीत पुरावा इतका भक्कम नाही, १९९५ च्या एका अभ्यासात कुत्र्याचा फायदा दिसला आणि मांजराचा दिसला नाही. मुलाचं म्हणणं हवेतलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

पण जो माणूस मुळात धडधाकट आहे, चालू-फिरू शकतो, तोच कुत्रा पाळण्याची शक्यता जास्त. मग कुत्र्याने तब्येत सुधारली की चांगल्या तब्येतीने कुत्रा आणला, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये फायदा संभवतो असं म्हणतानाच बजावलं, की केवळ हृदयरोगाचा धोका कमी करायला प्राणी आणू नये. मला भावलेला प्रयोग वेगळा आहे. न्यूयॉर्कमधल्या बीपी असलेल्या ४८ शेअर दलालांपैकी निम्म्यांना गोळीबरोबर कुत्रा किंवा मांजर पाळायला दिलं. एरवीचं बीपी दोन्ही गटांत गोळीनेच उतरलं. पण ताणाच्या प्रसंगी ते उसळायचं प्रमाण प्राणी असलेल्यांत कमी राहिलं. म्हणजे औषधाचा खर्च वाचेल असं हिशेबात धरू नका. सोबत मिळेल, ती मात्र खरी.

तुमच्या बाबतीत माझी मुख्य काळजी आहे पडण्याची. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांमुळे पडून दवाखाना गाठणाऱ्यांची संख्या वर्षाला ८६ हजारांच्या वर मोजली गेली होती आणि त्यात जवळपास ८८ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. तीस किलोचा लॅब्रॅडॉर समोर मांजर दिसल्यावर पट्ट्याला हिसका देतो, तेव्हा ऑपरेशन झालेला गुडघा काय करणार? खुब्याचं एक फ्रॅक्चर तुमचं वर्षाचं गणित कोलमडवेल.

आणि पिल्लू म्हातारं होतं. आमची मोती तेरा वर्षांची झाली तेव्हा तिचे मागचे पाय गेले. मी आणि धाकटा भाऊ जुन्या चादरीची झोळी करून तिला दिवसातून तीनदा जिन्याने खाली न्यायचो. ती झोळीतून मान बाहेर काढून आमच्याकडे बघायची, आणि जिन्याच्या वळणावर आम्ही दोघंही धापा टाकत थांबायचो. आम्ही तिशीत होतो, दोघं होतो. आज आणलेलं लॅब्रॅडॉर त्या अवस्थेला येईल तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीच्या आसपास असाल, एकट्या असाल, आणि मजला तिसराच असेल.

पैशाचं गणित तुमच्याच आकड्यांवर करू. पेन्शन ३८,५००, व्याजाचे महिन्याला १०,२५०, मेडिक्लेमचा हप्ता धरून खर्च ३६,०००. शिल्लक १२,७५०. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या वह्या पाहून माझा अंदाज असा: लॅब्रॅडॉरचं खाणं चार हजार, लस-गोचीड-डॉक्टर सरासरी दीड हजार, तुम्ही महिनाभर बंगळुरूला जाता तेव्हा बोर्डिंगचे वीसेक हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, आणि गुडघा दुखेल त्या दिवसांसाठी फिरवायला माणूस, त्याचे तीन हजार. सव्वादहा हजार झाले. कागदावर बसतं, पण तुमच्या हातात अडीच हजार उरतात, आणि यात एकही आजारपण धरलेलं नाही. प्राण्याच्या उपचारावर आयकरातली ८०डी ची वजावटही नाही. विमा मिळतो, पण वयाची अट असते आणि आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात.

मांजराला खाणं आणि लिटर मिळून अठराशे, डॉक्टरचे सरासरी पाचशे. तेवीसशे. तुम्ही गावाला गेलात तर शेजारच्या काकू किल्ली घेऊन दोन वेळा वाटी भरतील.

तेव्हा माझं मत: मांजर आणा. पिल्लू नको, दोन-तीन वर्षांची, नसबंदी झालेली, शांत स्वभावाची भाटी दत्तक घ्या. विकत घेऊ नका. (वाटीभर दुधाचा खर्चही नको, मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही.) मुलाला सांगा, तीस हजार दे, पण पिल्लासाठी नको: बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी, रेबीजसकट लसी, न्यायची पेटी, आणि उरतील ते आजारपणाच्या राखीव खात्यात. त्याच्या जोडीला तुम्ही दरमहा दोन हजार आवर्ती ठेवीत टाका. तरीही आठेक हजार हातात राहतात.

मांजर तुम्हाला चालायला लावणार नाही, म्हणून संध्याकाळी एखाद्या मैत्रिणीबरोबर फिरायची वेळ बांधून घ्या. ती वेळ कुत्र्याच्या फेरीइतकीच पक्की असू दे, पावसातसुद्धा.

एक कागदही करा. मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. रतन टाटांनी टिटो या कुत्र्याची सोय मृत्युपत्रात केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तुम्हीही मृत्युपत्रात दोन ओळी घाला: मांजर कोण सांभाळेल आणि त्यासाठी त्याला किती रक्कम द्यायची. जनावराच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, माणसाच्या नावावरच ठेवावे लागतात. त्या माणसाला आधी विचारा.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. त्याला काळजी आहे, म्हणूनच तो कुत्र्याचं बोलतोय. आणि जाळीवाल्याला मांजर घरी यायच्या आधी बोलवा, नंतर नाही.