विज्ञान आणि पर्यावरण शिक्षणाचा प्राध्यापक आयुष्यभर नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जीवशास्त्रातली पीएचडी संपत आली आहे, प्रयोगशाळेपेक्षा शिकवण्यात जास्त जीव रमतो, म्हणून विज्ञान आणि पर्यावरण शिक्षणात प्राध्यापक व्हावंसं वाटतं. पण तिथे रोजचं काम काय असतं, आणि या वाटेने गेल्यावर विज्ञान हातचं सुटतं का?

मी याच विषयाची प्राध्यापक आहे. विज्ञान सुटत नाही. बदलतो तो अभ्यासाचा विषय. आज तुम्ही झाडाचा अभ्यास करता. इथे आल्यावर झाडाबद्दल माणसाच्या मनात काय असतं, ते तिथे कसं आलं आणि कशाने बदलतं याचा अभ्यास कराल. या पेशातला बराचसा वेळ दुसऱ्याचं ऐकण्यात जातो. बोलण्याची, पटवण्याची हौस म्हणून इकडे येणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळा पेशाच त्यात सापडतो. कुणालाही विचारा: एवढ्याशा बियेचा वृक्ष होतो, तर त्याच्या लाकडाचं वजन येतं कुठून? बहुतेकांचं उत्तर 'मातीतून' किंवा 'पाण्यातून' असं येतं. विज्ञान शिकलेली माणसंही हेच सांगतात. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण त्यांना तोंडपाठ असतं, पण ते समीकरण एका कप्प्यात आणि समोरचं झाड दुसऱ्या कप्प्यात. सतराव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ व्हॅन हेल्मोंट यांनी विलो नावाच्या झाडाचं पाच पौंडांचं रोप दोनशे पौंड कोरड्या मातीत लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांच्या वर गेलं आणि मातीचं वजन जेमतेम दोन औंसांनी घटलं. हे वर्णन १६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्यांनी निष्कर्ष काढला की सगळं वजन पाण्याचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दोन्ही मिळून झाडाच्या वजनात भर घालतात, हे स्विस शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी मोजमाप करून दाखवलं ते १८०४ मध्ये. ज्या जागी चांगले चांगले शास्त्रज्ञ इतकी वर्षं अडले, तिथे तेरा वर्षांची मुलगी अडली तर त्यात तिचं काय चुकलं? हवा हलकी, दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तिचं लाकूड होतं म्हणे! तिची शंका अगदी रास्त आहे.

पर्यावरणाचा धागा इथेच जुळतो. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. हे ज्याला आतून पटलेलं नाही, त्याला जंगल जळाल्यावर हवेत काय जातं हे कितीही आकृत्या काढून समजावलं तरी उपरंच वाटतं.

दुसरं उदाहरण ओझोनचं. लिव्हरपूल विद्यापीठातले एडवर्ड बॉइज आणि मार्टिन स्टॅनिसस्ट्रीट यांनी १९९० च्या दशकात शाळकरी मुलांच्या हरितगृह परिणामाविषयीच्या समजुती तपासल्या. ओझोनच्या थराला पडलेलं भोक आणि पृथ्वीचं तापणं या दोन गोष्टींची मुलांनी सरमिसळ केलेली होती. शिसंविरहित पेट्रोल वापरलं की तापमानवाढ कमी होईल, असंही अनेकांना वाटत होतं. जे जे 'पर्यावरणासाठी चांगलं' ते ते सगळ्याच दुखण्यांवर औषध, असा तो हिशेब. आणि या सरमिसळीत थोडं तथ्यही आहे, कारण ओझोन नष्ट करणारे क्लोरोफ्लुरोकार्बन हे स्वतः तीव्र हरितगृह वायू आहेत. शिक्षकाने नुसतं 'चूक' म्हणून फुली मारली तर मुलाने बरोबर धरलेला धागाही तुटतो. हे ओळखायला रसायनशास्त्र पक्कं लागतं. म्हणून म्हटलं, विज्ञान सुटत नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याच कौशल्याला शिक्षकी ज्ञानात स्वतंत्र जागा दिली. विषय येणं एक, वर्ग सांभाळता येणं दुसरं, आणि या विषयात शिकणारा कुठे अडतो, त्याला कोणतं उदाहरण पोचतं हे माहीत असणं तिसरं. आमच्या विभागांचं कामच या तिसऱ्या ज्ञानाचं आहे. प्रत्यक्षात त्याचं रूप बरंच संथ असतं. मुलाखती घ्यायच्या, त्या शब्दशः उतरवून काढायच्या, वर्गात मागच्या बाकावर बसून टिपणं काढायची, मग कोण कशाला काय म्हणतं याची वर्गवारी करायची. त्यावर शोधनिबंध, पीएचडीचे विद्यार्थी, प्रकल्पांचे प्रस्ताव हे इतर विभागांसारखंच. शिक्षक प्रशिक्षणाला मात्र वर्षाचा मोठा भाग जातो आणि तो द्यावाच, असं माझं ठाम मत आहे. वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकाशी संबंध तुटला की आमचं संशोधन आम्हीच लिहायचं आणि आम्हीच वाचायचं, इतकंच उरतं.

आता पर्यावरण शिक्षणाच्या गाभ्याकडे येते. मिशिगन विद्यापीठातले विल्यम स्टॅप आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये या विषयाची व्याख्या केली, तेव्हाच त्यात तीन गोष्टी होत्या: नागरिकाला आपल्या परिसराचं आणि त्याच्या समस्यांचं ज्ञान हवं, त्या सोडवायच्या कशा याची जाण हवी आणि सोडवण्याची इच्छाही हवी. १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीला झालेल्या आंतरशासकीय परिषदेने जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग अशी पाच उद्दिष्टं ठरवली. कागदावर पाच असली तरी वर्गात बहुतेक वेळा ज्ञान हे एकच शिल्लक राहतं, कारण परीक्षेत तेवढंच विचारता येतं. माहिती दिली की वृत्ती बदलेल आणि वृत्ती बदलली की वागणं बदलेल, ही सरळ रेषा खरी नाही हे पर्यावरण शिक्षणाचे अभ्यासक हंगरफोर्ड आणि व्होल्क यांनी १९९० मध्ये स्पष्टपणे मांडलं. २००२ मध्ये कोलमस आणि अग्येमन या संशोधकांनी जाणणं आणि वागणं यांच्यामधल्या दरीचा सविस्तर आढावा घेतला. तरीही नवा अभ्यासक्रम आला की पहिल्या पानावर तीच रेषा पुन्हा दिसते. ती खोडत राहणं हेही आमचंच काम.

मग वागणं बदलतं कशाने? मला सर्वांत पटलेलं उत्तर स्टॅप यांच्याच कामात आहे. १९८० च्या दशकात त्यांनी शाळकरी मुलांना त्यांच्याच नदीचं पाणी तपासायला शिकवलं. विरघळलेला ऑक्सिजन, मैलाजन्य जिवाणू, आम्लता, नायट्रेट, फॉस्फेट, गढूळपणा अशा एकूण नऊ चाचण्या. निकाल हातात आल्यावर 'हे असं का?' हा प्रश्न मुलांनीच विचारायचा, उगम शोधायचा आणि संबंधित यंत्रणेपुढे आकडे ठेवायचे. १९८९ मध्ये यातूनच नद्यांवर काम करणाऱ्या शाळांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. इथे रसायनशास्त्र, नागरिकशास्त्र आणि धीटपणा एकत्र शिकला जातो. मोजणारा हात मुलाचा असल्यामुळे निष्कर्षही त्याचाच असतो.

प्राध्यापक म्हणून एक रेघ मी कसोशीने पाळते आणि तुम्हीही पाळावी असं वाटतं: विद्यार्थ्याच्या हाती घोषणा द्यायची नाही. मला जंगलांची, नद्यांची काळजी आहे आणि ती मी लपवत नाही. पण 'हे धरण हवं की नको' याचं उत्तर मी वर्गात दिलं, तर विचार करायची त्याची पाळी मी हिरावून घेतली. पुरावे कोणते, कुणाचं काय पणाला लागलं आहे, कोणता आकडा कुणी मोजला, इथपर्यंत सोबत करायची. आणि अगदी लहान मुलांना तर आपत्तींची यादी देऊच नये. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल १९९० च्या दशकापासून सांगत आले की आधी निसर्गाशी लळा लागू द्या, जग वाचवण्याचं ओझं नंतर. माझा अनुभवही तोच आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण 'विज्ञान सुटेल का' यामागे तोच आहे असं मला वाटतं. तो जुना आहे. कॉर्नेल विद्यापीठात निसर्ग-अभ्यास रुजवणाऱ्या ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांना १८९९ मध्ये सहायक प्राध्यापकपद मिळालं, विश्वस्तांनी बाईला ते पद देण्यावर हरकत घेतली आणि त्यांना पुन्हा व्याख्याता केलं गेलं. ते पद त्यांना परत मिळालं १९१३ मध्ये, आणि पूर्ण प्राध्यापकपद १९२० मध्ये. मधल्या काळात, १९११ मध्ये, त्यांनी शिक्षकांसाठी लिहिलेला निसर्ग-अभ्यासाचा जाडजूड ग्रंथ आला आणि तो आजही छापला जातो. आज चित्र तितकं वाईट नाही. तरी विज्ञान विभागाला आपण शिक्षणवाले वाटतो आणि शिक्षण विभागाला विज्ञानवाले. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, शिक्षकांसोबत घालवलेले महिने सहसा मोजले जात नाहीत. त्यामुळे पद स्वीकारण्याआधी ते कोणत्या विभागात आहे आणि मूल्यमापनाचे निकष काय आहेत, हे लेखी विचारून घ्या. त्यात संकोच नको.

आणखी एक अडचण, जी माझ्या मते सर्वांत मोठी आहे. निधी दोन-तीन वर्षांचा मिळतो आणि आपण शिकवलेलं फळाला येतं ते वीस वर्षांनी. संशोधक थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये आणि पुढे लुईझ चावला यांनी पर्यावरणासाठी झटणाऱ्यांना विचारलं की तुम्ही इकडे कसे वळलात. लहानपणी मोकळ्या निसर्गात घालवलेला वेळ आणि घरातलं किंवा शाळेतलं एखादं जिव्हाळ्याचं माणूस, ही उत्तरं पुन्हा पुन्हा आली. पण विचारलं गेलं ते वळलेल्यांनाच. तसंच बालपण असूनही जे वळले नाहीत, त्यांची नोंद कुठे? एकाच पिढीच्या मागे वर्षानुवर्षं जाणारे अभ्यास फार थोडे आहेत. तुम्ही तरुण आहात, जीवशास्त्रात लांबचा अभ्यास आखण्याची सवय तुम्हाला आहे. हे काम हाती घेतलंत तर मला मनापासून आनंद होईल.

पीएचडी अर्धवट सोडू नका, ती पूर्ण करा. दरम्यान तुमच्या प्रबंधातली एकच संकल्पना निवडा आणि वेगवेगळ्या वयाच्या आठ-दहा जणांना तिच्याबद्दल प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका, फक्त 'असं का वाटतं?' एवढंच विचारत राहा. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा आणि स्वतः बसून उतरवून काढा. ते उतरवताना जीव कंटाळला, तर विज्ञान शिकवत राहा, तेही मोलाचंच काम आहे. पण एकाच वाक्याशी थांबून 'हा असं का म्हणाला असेल' याचा विचार करत रात्र सरली, तर या विषयाच्या विभागांना पत्रं लिहायला लागा, आणि पत्रात पदव्यांच्या आधी त्या मुलाखतींबद्दल लिहा.