चेन सेट बदलताना अडलेले नट-बोल्ट

भाऊ, मला समजलं ते असं. गाडी दीडशे सीसीची, रोज बुटीबोरीला ये-जा, चेन सेट (चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं) घरीच बदलायला घेतला. पुढच्या स्प्रॉकेटचे दोन्ही बोल्ट हलून नाही राहिले, मागच्या चारपैकी एक नट गोल झाला, आणि चेन काढून बाजूला ठेवली आहे.

तर आधी चेन परत चढवा. चेन नसली की पुढचं स्प्रॉकेट पान्याबरोबर फिरतं, मग माणूस गाडी गिअरमध्ये टाकून सगळा जोर गिअरबॉक्सवर काढतो. चाक आणि चेन जागेवर असताना कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून बसवा. मागचे नटही असेच, चाक गाडीवर असतानाच ढिले करायचे.

आता पुढचे बोल्ट. तिथे चेनचं तेल सतत उडत असतं, त्यामुळे गंज क्वचितच सापडतो. बोल्ट अडतो तो बहुधा थ्रेडलॉकमुळे, म्हणजे बोल्ट आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावलेल्या गोंदामुळे, आणि त्यावर रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० कितीही ओतलं तरी उपयोग नाही. निळा थ्रेडलॉक मऊ पडायला साधारण २५० अंश लागतात. आपल्या मे महिन्याचे ४५ त्याच्या खिजगणतीत नाहीत. पण गॅसची ज्योत लावू नका, स्प्रॉकेटच्या मागेच गिअरबॉक्सच्या शाफ्टचं रबरी ऑइल सील आहे. मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक बोल्टच्या डोक्यावर काही मिनिटं दाबून धरा आणि गरम असतानाच सहा पैलूंची गोटी (सॉकेट पाना) लावून आधी किंचित आवळा, मग सोडा. त्याआधी तिथलं डिझेल-पेट्रोल पुसून घ्या, हे सांगायला नको.

तरी नाही निघाले तर घाबरू नका. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत हे दोन सहा मिलिमीटरचे बोल्ट लॉक प्लेटमधून (स्प्रॉकेट जागेवर धरणाऱ्या पट्टीतून) थेट स्प्रॉकेटमध्येच बसतात, शाफ्टमध्ये नाही. पार्ट बघून खात्री करा. तसं असेल तर ड्रिलने डोकी उडवा, प्लेट फिरवून काढा आणि स्प्रॉकेट बोल्टच्या तुकड्यांसकट बाहेर ओढा. नाहीतरी ते भंगारातच जाणार आहे! लोक त्याचे आटे वाचवायला अख्खा दिवस घालवतात. फक्त हातोडीने ठोकू नका, धक्का शाफ्टच्या बेअरिंगला बसतो.

मागे मात्र खरा गंज असतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल नटाभोवती बसतो आणि ओल धरून ठेवतो. आधी लॉक वायसरचे (नट फिरू नये म्हणून खाली घातलेल्या पत्र्याचे) वाकवलेले कान छन्नीने सरळ झाले का बघा; बरेच नट याच कानांपायी गोल होतात. मग ब्रशने घासून डब्ल्यूडी-४० मारा आणि रात्रभर राहू द्या. गोल झालेल्या नटावर किंचित लहान गोटी ठोकून बसवा. तीही घसरली तर नटाची एक बाजू आट्यांपर्यंत न जाता ग्राइंडरने कापा आणि छन्नीने फोडा. इथे स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) वाचवायचा आहे, नट दहा-वीस रुपयांत मिळेल.

बसवताना लॉक वायसर नवेच घ्या. पुढच्या बोल्टांना निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब पुरे, आणि सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, टॉमी (लांब दांडा) लावायची नाही. चाकाच्या एक्सलला ग्रीस लावा.