ताई, रीफ टँक घ्या, पण हप्त्यावर नको

ताई, तुमचं पत्र वाचलं. घरात महिन्याला 46 हजार येतात, 1 लाख 20 हजारांची एफडी, इंदूरच्या सुदामानगरला भाड्याचा फ्लॅट, लाईटबिल वर्षभर 115 युनिटच्या आसपास, आणि दुकानदार 60 लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र), मासे आणि कोरल (प्रवाळ) यांच्यासकट 75 हजारांत देतोय, 12 हप्ते, झीरो व्याज. हौस चांगली आहे, घ्याच, पण हे पॅकेज नको.

75 हजार एकदा फिटतात हो, खरा प्रश्न लाईटबिलाचा आहे. आपल्याकडे एमपीत अटल गृह ज्योती योजनेमध्ये 150 युनिटच्या आत राहिलं तर पहिली 100 युनिट 100 रुपयांत पडतात. टँकचा लाईट आणि पंप मिळून महिन्याला 26 युनिट धरा, म्हणजे हिवाळ्यात तुम्ही काठावर बसता. पण रीफला पाणी 25-26 डिग्रीच लागतं आणि इंदूरचा एप्रिल-मे 40 च्या वर जातो, तेव्हा दीडशे वॉटचा चिलर दिवसाला 10 तास चालला तरी आणखी 45 युनिट. झाले 186. मग नुसते वाढलेल्या युनिटचे पैसे नाही लागत, सवलतच जाते आणि आधीच्या 100 युनिटचेही पूर्ण दर भरावे लागतात. शिवाय मीठ, आठवड्याला 10 लिटर पाणी बदललं तर लिटरला 35 ग्रॅमने वर्षाचं 18 किलो होतं, आणि टँकसाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआयचे फिल्टर वेगळे.

म्हणून असं करा, तो 6,250 चा हप्ता दुकानदाराला देण्याऐवजी आत्तापासून आरडीत टाका, नोव्हेंबरपर्यंत. घर उरलेल्या पैशांत नीट चाललं तर टँकही पेलेल, आणि मधेच आरडी मोडावी लागली तर उत्तर तिथेच मिळालं. नोव्हेंबरात टँक, लाईट, पंप, आरओ रोखीने घ्या. तसंही नव्या टँकमधले माशांना विषारी अमोनिया-नायट्राइट शून्यावर यायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोपर्यंत मासा टाकायचाच नाही, म्हणजे सगळं एकदम विकत घ्यायची गरजच काय? नंतर क्लाउनफिशची जोडी, हॅचरीतली (समुद्रातून पकडलेली नाही, पैदास केलेली) मागा. चिलर मार्चच्या आत, आणि त्याचे पैसे हातात नसतील तर कोरल घेऊच नका, उन्हाळ्यात गमवाल आणि फार वाईट वाटेल.

अजून एक, कोटेशनमधले 3 हार्ड (दगडी सांगाड्याचे) कोरल आजच खोडायला सांगा. ते वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये येतात, किमान 3 वर्षांची कैद आहे, दुकानदार काहीही सांगो. झोअँथिड, मशरूम हे मऊ प्रकार त्या यादीत नाहीत, पण पक्कं बिल घ्याच.

एफडीला हात लावू नका, भाड्याच्या घरात ती लागते. घर बदलायचं ठरत असेल तर टँक त्यानंतरच, भरलेला टँक हलवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

आणि दुकानदाराकडून प्रत्येक वस्तूचा रोख भाव वेगवेगळा लिहून घ्या. झीरो व्याजाचं व्याज बहुतेक त्या भावातच बसलेलं असतं. वेगळा भाव द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.