फुसका बार आणि अडकलेली रायफल

प्रश्न : सरावाच्या वेळी माझ्या अर्धस्वयंचलित रायफलीच्या एका बाराचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला आणि बोल्ट (नळीचे मागचे टोक बंद करणारा सरकता भाग) मागे सरकलाच नाही. रायफल अडकली असे समजून मी हँडल ओढून पुढचे काडतूस भरणार, तोच प्रशिक्षकांनी मला थांबवले. अडकलेली रायफल हँडल ओढूनच मोकळी करायची असते ना?

उत्तर : एरवी हो, पण फुसक्या बारानंतर कधीच नाही. तुमच्या रायफलीत बोल्ट मागे ढकलण्याचे काम बाराचाच जोर करतो. काडतुसात दारू भरायचीच राहून गेली असेल, तर एकट्या टोपीच्या (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या भागाच्या) जोराने गोळी नळीत थोडी पुढे जाऊन रुतून बसते आणि बोल्ट जागचा हलत नाही. वरवर पाहता हे साधे अडकणेच वाटते, आणि घात होतो तो येथेच. हाताने भरलेले पुढचे काडतूस उडाले, की त्याची गोळी रुतलेल्या गोळीवर आदळते, दाब एकदम वाढतो आणि नळी फुगते किंवा फुटते; त्या वेळी नेमबाजाचा चेहरा बोल्टपासून वीतभरही दूर नसतो.

आवाज बारीक आला किंवा खांद्याला धक्का जाणवला नाही, तर चापावरचे बोट काढून रायफलीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवावे. चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज आला, तरीही हेच करावे, कारण टोपी कधी कधी उशिराने पेटते आणि अशा वेळी बोल्ट उघडलेला असला तर काडतूस चेंबरबाहेरच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेबाहेरच, फुटते. निदान 30 सेकंद थांबावे. काही मैदानांवर 60 सेकंदांचा नियम असतो, तो असेल तर तोच पाळावा. त्यानंतर आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे आणि मगच बोल्ट ओढावा. हा क्रम उलटा झाला, तर आपल्याच हाताने नवे काडतूस चेंबरमध्ये जाते. शेवटी चेंबर डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून, नळीत सफाईची सळई घालून ती आरपार जाते की नाही ते तपासावे.

उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ती बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकलेली दिसली, तर मात्र हँडल ओढण्याचा तुम्ही शिकलात तोच उपाय योग्य आहे.

तुमच्या रायफलीच्या नळीत सळई मध्येच थांबली, तर ठोकाठोक न करता रायफल जाणकार कारागिराकडे द्यावी आणि त्या खोक्यातली उरलेली काडतुसे वापरू नयेत.