पोकेमॉन फायररेड गेम: माझा चारिझार्ड लेव्हल ४२ ला, बाकी पाच पोकेमॉन २० च्या आसपास. सगळे सारखे कसे वाढवायचे? (मालवण)

सगळ्यात मागे पडलेला पोकेमॉन पहिल्या जागी ठेवा आणि लढाई सुरू होताच तो बदलून चारिझार्ड आणा. या गेममध्ये मैदानात उतरलेल्या सगळ्यांना एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) समान वाटून मिळतो, एकही वार केला नाही तरी. बेशुद्ध पडला तर मात्र शून्य, म्हणून पहिल्याच चालीला बदला. तो फटका चारिझार्ड खातो. पन्नास जातींचे पोकेमॉन पकडले असतील तर रूट १५ च्या गेटमधल्या प्रोफेसर ओकच्या सहाय्यकाकडून एक्सपी शेअर ही वस्तू घ्या. ज्याच्या हातात तो, त्याला न लढता अर्धा वाटा. व्हर्मिलियन शहरातल्या पोकेमॉन सेंटरमध्ये व्हीएस सीकर हे यंत्र मिळतं. १०० पावलांत चार्ज होतं, मग ते वापरलं की तुम्ही आधी हरवलेल्या जवळच्या ट्रेनरपैकी काही पुन्हा लढायला तयार होतात. गवतात फिरण्यापेक्षा हे कधीही बरं.

पण सारखा एक्सपी म्हणजे सारखी लेव्हल नव्हे. १०० ला पोचायला पिकाचूला १० लाख लागतात, गॅराडोसला साडेबारा लाख. गॅराडोस मागेच राहणार, त्याला एक्सपी शेअर द्या. आणि पावसात तुमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. चार्जिंग बघून सेव्ह मारत राहा.