वाचकांचे प्रश्न: रोहीचं पाडस, गळालेलं शिंग आणि आजोबांची बंदूक

या वेळी पत्रं जास्त करून रानातलीच आली, त्यातली चार घेतोय.

प्रश्न: तूर सोंगताना ओळीत रोहीचं (नीलगाईचं) पाडस एकटंच पडलेलं दिसलं, जवळ गेलो तरी हललं नाही. आई सोडून गेली असं समजून पोरांनी सकाळी घरी आणलं, गाईचं दूध पाजतोय. आता काय करू? (एक शेतकरी, बोदवड)

उत्तर: दादा, आधी दूध बंद करा आणि 1926 ला फोन लावा, ती वनखात्याची हेल्पलाइन आहे. तुमचा हेतू चांगलाच होता पण ते पाडस बेवारस नव्हतं. रोही, काळवीट, चिंकारा, चितळ या सगळ्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस लपूनच काढतात कारण त्यांना आईबरोबर पळता येत नाही, आणि आई मुद्दाम लांब चरते म्हणजे तिच्यामागे आलेलं कुत्रं नाहीतर लांडगा पिल्लापर्यंत पोचू नये. दिवसातून थोड्याच वेळा येऊन पाजते, पाजताना पिल्लाचं बूड चाटते आणि त्याची शी-शू स्वतःच गिळून टाकते, म्हणून तिथे वास जवळपास राहतच नाही. धोका वाटला की पाडस मान जमिनीला टेकवून गप पडतं, कान मागे, डोळे उघडे. लोकांना वाटतं आजारी आहे, पण ते लपलेलं असतं.

आज सकाळीच आणलंय तर उशीर झालेला नाही. वनरक्षकाला घेऊन ते जिथे सापडलं तिथेच संध्याकाळच्या आत ठेवा आणि सगळे लांब व्हा, वावरातली कुत्री बांधा, तेवढा तुकडा सोंगायचा राहू द्या. माणसाचा हात लागला की आई टाकते असं आपल्याकडे सांगतात, तसं सहसा होत नाही. ती येत नाही ते माणसं तिथेच उभी राहतात म्हणून. आणि रोहीला बऱ्याचदा जुळं होतं, तेव्हा दुसरं पाडस त्याच वावरात असू शकतं, हार्वेस्टर घालायच्या आधी ओळी बघून घ्या.

अजून एक, पोरांना नीट सांगा की हरीण असो का रोही, पळवून पळवून धरायचं नाही. जीव खाऊन पळालं आणि वरून दाबून धरलं की त्याचे स्नायू आतून खराब होतात, त्याचा ताण किडनीवर आणि हृदयावर येतो आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर एक-दोन दिवसांनी मरतं. विहिरीतून काढलेल्या जनावराचंही असंच होतं. त्याच्या डोळ्यांवर कापड टाका, गर्दी हटवा, आवाज बंद.

प्रश्न: सातपुड्यात डिंकाला गेलो तिथे शिंग सापडलं, सांबराचं म्हणतात. घरी ठेवलं तर चालेल का? आणि टोकांवरून वय कळतं का? (चोपडा)

उत्तर: ठेवू नका. गळालेलं असलं तरी कायद्याने ते सरकारचं आहे आणि 48 तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. विकायचा तर विचारही नको.

टोकांवरून वय कळत नाही. सांबर आणि चितळ दोघांच्याही पूर्ण वाढलेल्या नराला एका शिंगाला साधारण तीनच टोकं असतात, नर पाच वर्षांचा असो की नऊ. वयाचा अंदाज दातांच्या झिजेवरून येतो. ही शिंगं भरीव हाडाची, दरवर्षी गळून नवी येतात, वाढताना त्यावर रक्तवाहिन्यांची मखमली कातडी असते. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही हे गाय-बकरीच्या कुळातले, त्यांचं शिंग म्हणजे आत हाड आणि वर पोकळ खोळ, ते गळत नाही. तुमच्या शिंगाचं बूड बघा. खडबडीत कडं आणि खाली फुगीर टोक असेल तर आपोआप गळालेलं. कवटीचं हाड चिकटलेलं असेल तर जनावर मेलंय किंवा मारलंय, आणि मग जागा नक्की सांगा. त्यावर दातांच्या खाचा असल्या तर त्या बहुतेक साळिंदराच्या, कॅल्शियमसाठी ती शिंगं कुरतडते.

प्रश्न: आजोबा नावाजलेले शिकारी होते, बंदूक अजून घरात आहे. हरणाच्या शिकारीचं लायसन आता मिळतं का? (साक्री)

उत्तर: नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1991 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून ते बंद आहे, आणि या कायद्यात पकडणं, हाकणं, आमिष लावणं, नुसता प्रयत्न करणं हे सगळं शिकारच धरतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक जनावरांसाठी अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, ती वेगळी गोष्ट. बंदुकीचं लायसन वारसाच्या नावावर झालंय का ते मात्र लगेच तपासा.

आजोबांनी जे शिकवलं असेल ते मला फार मोलाचं वाटतं. वारा तोंडावर घेऊन जाणं, पाऊलखुणेची कडा ताजी की ढासळलेली ते बघणं, लेंडी ओली की सुकलेली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणीगणना होते तेव्हा हीच नजर लागते, यावल अभयारण्याच्या ऑफिसला विचारून नाव द्या.

प्रश्न: रोही हरबरा ठेवत नाहीत, शेजारी तारेत डायरेक्ट लाइट सोडतात. मी पण सोडू का? (मुक्ताईनगर)

उत्तर: अजिबात नको भाऊ. त्या तारेला रात्री पाणी भरायला गेलेला माणूस चिकटतो आणि केस तुमच्यावर होते. झटका मशीन घ्या, त्यात करंट साधारण सेकंदाला एकदा क्षणभर येतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. रोही ठरलेल्या जागीच शेण टाकतात आणि वाटही सहसा तीच धरतात, तर बांधावर लेंड्यांचा ढीग शोधा आणि त्या बाजूची तार आधी पक्की करा. नुकसान झालेलं पीक मोडून टाकायच्या आधी फोटो काढा, वनखात्यात लगेच अर्ज द्या, पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक लागतात म्हणून त्यांनाही त्याच दिवशी कळवा.